राणीला जगवायला गेले

निमाणी स्टँडवरून बस सुटली तेव्हा पिशवीत एका नाटकाचा नवा शेवट होता. साडेचार पानांचा शेवट. तो दिवाळीतच गावी पोचला होता, पाठही झाला होता. तरी कुणी ऐनवेळी काही विसरलं तर, म्हणून मी एक प्रत सोबत घेतली. औरंगाबाद नाका मागे पडेपर्यंत ती तीनदा काढून वाचली. तिसऱ्यांदा वाचताना एक ओळ पोकळ वाटली. दुरुस्त करायला आता फार उशीर झाला होता.

सायखेड्याजवळ गोदावरीच्या काठी एक लहानसं गाव आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. का ते पुढे कळेल. तिथे चैत्रातल्या जत्रेला दरवर्षी एकच संगीत नाटक होतं. गावातल्याच कुणाच्या तरी पणजोबांनी ते वहीत लिहून ठेवलंय. बोलणं थोडं, बाकी सगळं गाण्यात. गोष्ट राणी कुसुमावतीची. राजा वेढ्यात सापडतो आणि शत्रूला शब्द देतो: वेढा उठव, राणी घेऊन जा. मग राजाला पश्चात्ताप होतो. शब्द मोडायचा नाही आणि राणीही द्यायची नाही, यातून वाट काय? राणी विष पिते. राजा रडतो, गाव रडतं, दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या वावरात.

मागच्या वर्षी हे पाहून माझं डोकं फिरलं होतं. मी पत्रकं वाटतच मोठी झाले, त्यामुळे राग आला की हात कागदाकडे जातो. 'शब्द राजाचा, विष राणीला का?' असं पत्रक काढून मी जत्रेतच वाटलं. पंधरा दिवसांनी फोन आला. तीस वर्षं राणीचं काम करणारे रघुनाथतात्या बोलत होते. "पोरी, नावं ठेवायला काय लागतं? शेवट लिहून दाखव." मी लिहिला. माझी राणी विषाची वाटी राजाच्या पुढ्यात ठेवते, "शब्द तुमचा, फेडा तुम्ही," म्हणते आणि महालाच्या दारातून चालती होते. तात्यांनी तो घेतला, याचं मला आश्चर्य वाटलं होतं. आज तो पहिल्यांदा होणार होता.

चांदोरीला उतरायचं ते मी घाबरटपणे एक थांबा आधीच उतरले. ऊन चढलेलं. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या रिकाम्या झालेल्या बागा, खरड छाटणी केलेल्या वेलींचे काळे बुंधे, मध्येच काढून ठेवलेल्या उन्हाळ कांद्याचे ढीग. अर्धा तास चालल्यावर झेंडूचे क्रेट भरलेला एक पिकअप थांबला. चालवणाऱ्याने गावाचं नाव ऐकलं आणि मला नीट न्याहाळलं.

"राणीला जिती ठेवणाऱ्या ताई तुमीच का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्या गावाला म्हाईत हाय. आमची मंडळी म्हणती, यंदा काय जायचं नाय नाटकाला."

"का बरं?"

"ते बायकांचं हाय. मला काय इचारता?" त्याने गाणं लावलं आणि आवाज वाढवला.

पुलावरून गोदावरी दिसली. दिसली म्हणायचं, कारण पाणी पानवेलींखाली गेलेलं. हिरवं कुरण वाटावं, जनावर उतरलं तर बुडावं, अशी. एरवी मी त्यावर दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच: का नाही येणार बायका?

गावात पोचले तेव्हा मारुतीच्या पारासमोर दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या जोडून रंगमंच उभा राहिला होता. नाटक दुपारी साडेतीनला असतं. गाव भाजीवाल्यांचं; पहाटेच्या आत माल मार्केटला पोचवायचा असतो, रात्रीची जागरणं परवडत नाहीत. पेटीवाले इस्माईलचाचा ट्रॉलीच्या सावलीत बसून राणीच्या शालूला फॉल लावत होते. गावात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. नाटकाचे कपडे आणि सूर, दोन्ही त्यांच्याकडे.

"आ गयी? बैस बेटा. पाणी पी. तुझा चेहरा असा का झालाय?" ते म्हणाले.

मी विचारलं, लोक चिडलेत का? चाचांनी दाताने दोरा तोडला. "चिडले नाहीत. घाबरले आहेत." मग त्यांनी सुईत नवा दोरा ओवला.

जेवायला मंगलकडे जायचं होतं. मंगल यंदाची राणी. तात्यांचा आवाज बसला आणि या नाटकात पहिल्यांदाच गावातली बाई राणी होणार होती. तिशीची, काटक, गळा असा की भाकरी थापताना गुणगुणली तरी गोठ्यातली म्हैस कान टवकारते, असं तात्या सांगतात. तिने ताटात बाजरीची भाकरी, गिलक्याची (घोसाळ्याची) भाजी आणि ठेचा वाढला. मला घास उतरेना.

"ठेचा तिखट झाला व्हय?"

"नाही. मला भीती वाटते."

"तुमाला कशाची? दारातनं चालायचंय मला." ती हसली. "तात्या नगं म्हणत व्हते. मीच हट्ट धरला, की मरणार नाय. मला ते दार लय आवडलं, ताई. रोज कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना मनात त्याच दारातनं जाती मी."

हे ऐकून मी दोन भाकरी खाल्ल्या.

साडेतीनला मैदान भरलं, पण पुरुषांनीच. बायका होत्या त्या मागे, निंबाच्या सावलीत, जायची घाई असल्यासारख्या कडेला टेकलेल्या. मी त्यांच्यात जाऊन बसले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या मांडीवर एक खण, नारळ आणि मूठभर गहू बांधलेली पुरचुंडी होती. कपाळ मोकळं. त्या मंगलच्या सासूबाई निघाल्या, हौसाबाई.

पहिला अंक झाला. मंगलने वेढ्याचं पद असं उचललं की पुरुषांनी शिट्ट्या मारल्या आणि दोनदा परत म्हणायला लावलं. मी मान वळवून बायकांकडे पाहिलं. पदर तोंडाशी, नजरा जमिनीकडे.

"मावशी, आवडत नाही का त्यांना?"

"गळा ग्वाड हाय पोरीचा. पर ऐकायला कोण आलंय?"

"मग कशाला आल्यात?"

हौसाबाईंनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "मागच्या साली व्हतीस ना तू? वटीच्या टायमाला कुठं व्हतीस?"

मला आठवलं. मागच्या वर्षी शेवटच्या अंकात, विषाच्या आधी, बायका रांगेने स्टेजवर चढून राणीची ओटी भरू लागल्या तेव्हा मी संतापून उठले होते आणि पत्रकाचा मजकूर जुळवत चहाच्या टपरीवर जाऊन बसले होते.

"वटी भरताना राणीच्या कानात सांगायचं असतंय," हौसाबाई खाली वाकून म्हणाल्या. "ज्याचं जे असंल ते. नवऱ्याचं, दिराचं, पोटचं. जे कुणाला सांगता येत नाय ते. ती तर मरणारच हाय. संगं घेऊन जाती."

"सगळ्याजणी?"

"ज्यांचं असंल त्या. माझ्यासारखी रांडाव बी जाती. मरणाराला कसला इटाळ? चाचा तवा पेटी लय मोठ्यानं वाजवत्यात, कुणाचं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तात्यानं तीस साल ऐकलं. एक शबूद भायेर नाय."

साडेचार पानांत मी विष काढलं होतं, राजाला जाब विचारला होता. पण माझी राणी जिवंत राहणार होती. सगळ्यांचं सगळं ऐकून ती उद्या सकाळी नळावर येणार होती.

"म्हणून आल्या नाहीत?"

"आल्यात ना. बसल्यात कडंला." त्यांनी पुरचुंडीची गाठ उगाच घट्ट केली. "आज कुणी वर गेलं नाय, तर पुढल्या साली मंगलला कोण उभं करील? नगरावरनं बाप्या आणत्याल राणीला. पोरगी साल झालं शिकतीय. मी बी आधी नगं म्हणत व्हते, गाणं म्हंजी काय घरातल्या बाईचं काम हाय का म्हणून. मग ऐकलं एक दिस."

दुसरा अंक संपला तशी मी ट्रॉलीमागे धावले. मंगल स्टुलावर बसून पाणी पीत होती. तात्या तिच्या अंबाड्याला गजरा टोचत होते. मी एका श्वासात सांगितलं: माझा शेवट नको. जुनाच करा. मर तू.

मंगल उभी राहिली.

"मर म्हणता? आत्ता?" तिचा आवाज चढला. "दिवाळीपास्नं तुमची वाक्यं पाठ करतीय मी. आन तुमी मैदानात बसून एका म्हातारीचं ऐकलं न आल्या मला मारायला!"

"बायका येणार नाहीत, मंगल."

"नाय येऊ देत."

"ओटीचं तुला माहीत होतं?"

"मी ह्या गावची सून हाय. मी बी चारदा सांगून आलीय तात्याच्या कानात."

तात्यांनी गजऱ्याची पिन तोंडातून काढली. "पोरींनो, भांडा, पर अंबाडा सुटू देऊ नका," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू लिव्हलंस, तुझं काम झालं. आता राणीला ठरवू दे."

मी परत निंबाखाली आले.

तिसऱ्या अंकात राणीला बातमी कळते. ती निरोपाचं पद म्हणते आणि ओटीसाठी पदर पसरून उभी राहते. मंगलने पद म्हटलं. माईक बंद झाला. चाचांनी भाता जोराने ओढला आणि पेटी भरून वाजू लागली. मंगल पदर पसरून उभी.

कुणी उठलं नाही.

पेटीचं एक आवर्तन झालं, दोन झाली. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. "वटी भरंना व्हय कुणी?" कुणीतरी हसलं. मंगलचा पदर खाली आला नाही. चाचा कपाळाचा घाम पुसायलाही थांबेनात. मला वाटलं उठावं आणि ओरडावं. काय ओरडावं ते सुचेना.

शेजारी हौसाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पुरुषांतून वाट काढत, कुणाचा आधार न घेता ट्रॉलीच्या फळीवरून वर चढल्या. सासूने सुनेची ओटी भरली. मग टाचा उंचावून तिच्या कानाशी तोंड नेलं. किती वेळ बोलत होत्या कोण जाणे. मंगलचा चेहरा मला नीट दिसत होता. आधी ती दचकली. मग तिने डोळे मिटले आणि मान हलवली, एकदाच.

हौसाबाई उतरल्या तेव्हा फळीपाशी आणखी एक बाई उभी होती. तिच्यामागे तिसरी. थोड्या वेळाने निंबाखाली मी एकटी होते.

रांग संपायला ऊन कलंडलं. मंगलचा पदर गहू-नारळांनी इतका जड झाला होता की तिने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. पेटी थांबली, माईक सुरू झाला. राजाने वाटी पुढे केली. इथे माझं वाक्य होतं. मी ओठांत पुटपुटले: शब्द तुमचा, फेडा तुम्ही.

मंगलने दाराकडे पाहिलं. रंगवलेल्या पुठ्ठ्याचं दार, अर्धवट उघडं. मग पदरातल्या ओझ्याकडे पाहिलं. वाक्य तिने म्हटलं, स्पष्ट, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. राजाचं काम करणारा माणूस खरोखर एक पाऊल मागे सरकला. आणि मग ती वाटी उचलून प्यायली.

बायका जशा रडल्या तसं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मीही रडले. रागाने की कशाने, ते अजून सांगता येत नाही.

मुक्काम मंगलकडेच होता. सकाळी उठले तर ती ओट्यावर मेथी निवडत होती. रांगेतली एक बाई घागर घेऊन समोरून आली. दोघींची नजर भिडली.

"मंगल, मेथी उरली का गं जुडीभर?"

"हाय की. न्या."

तिने जुडी दिली, बाई गेली. दोघींच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

मला राहवेना. "मंगल, काल कुणी मारहाणीचं सांगितलं असेल, आणखी काही... आपण काहीतरी करू शकतो. नावं नकोत, नुसतं सांग."

"मी काल मेले, ताई. मेलेल्या माणसाला इचारत्यात का?"

"मग तू दारातून का नाही गेलीस? तुला जायचं होतं."

तिने मेथीची एक काडी मोडली. "जायचं व्हतं. पर येवढं सगळ्यांचं पोटाशी धरून दारातनं कुठं जाऊ? दाराच्या पल्याड बी हेच गाव हाय." मग एकदम हसली. "तुमचं वाक्य मातर मी सोडलं नाय. रात्री राजा त्याच्या घरी जेवला नाय म्हणं. बायकू इचारीत व्हती, काय झालं."

मी निघाले तेव्हा ती पुलापर्यंत आली. "तात्या म्हणाले, पुढल्या साली बी राणी तूच. तुमी बी या. रांगंत हुबं ऱ्हा. लगीन झालेलं लागत नाय."

"मला सांगण्यासारखं काही नाही," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. "मला जे म्हणायचं असतं ते मी छापून वाटते."

"बरं," ती म्हणाली.

बसमध्ये खिडकी मिळाली. माझं मत बदललेलं नाही. जे कानात सांगावं लागतं ते चारचौघांत सांगता आलं पाहिजे, आणि तोवर कुणा ना कुणा राणीला दरवर्षी मरावं लागणार, हे मला मान्य नाही. मान्य नाही म्हणून ते नाटक थांबणारही नाही. इतकी वर्षं माणसं तेच मरण पुन्हा पुन्हा पाहायला का येतात, असा प्रश्न मी पत्रकात मोठ्या अक्षरात छापला होता. उत्तर घ्यायला मात्र थांबले नव्हते.

चांदोरी गेली, लाखलगाव गेलं. मंगलचं ते "बरं" काही डोक्यातून जाईना. सांगण्यासारखं काही नाही, हे मी स्वतःला पुन्हा बजावलं. नांदूर नाक्यावर बस वाहतुकीत अडकली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी मघापासून बोटांवर मोजते आहे. कानात सांगण्यासारखी तीन झाली होती. त्यातलं पहिलं कुठल्याही पत्रकात लिहिता येण्यासारखं नव्हतं.