पडला की नंबर गेला

घाबरण्याच्या कामात माझ्या मामासासऱ्यांचा हात धरील असा माणूस महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत आजवर झालेला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. मामासासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. राहायला पोलादपूरला, आणि आम्ही महाडला, त्यामुळे त्यांची भीती आमच्याकडे ताजी ताजी पोचते. इतर माणसं कशाला तरी घाबरतात. मामा आधी घाबरून घेतात आणि मग कशाला ते शोधतात. बसमध्ये संकटकाळी बाहेर पडायची खिडकी असते, तिच्या शेजारची जागा मिळाली नाही तर ते खाली उतरून पुढच्या गाडीची वाट बघतात. शिवथरच्या घळीत आम्ही सगळे दर्शनाला गेलो, तर हे बाहेरच उभे. म्हणाले, "एवढा मोठा धोंडा डोक्यावर, आणि खाली खांब नाय एक!" मी म्हटलं, "मामा, शेकडो वर्षं टिकलाय तो." तर म्हणतात, "म्हणून तर म्हणतो जावईबापू, अजून किती टिकायचा त्याने?" गुडघ्यांसाठी एकदा त्यांना सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं, तेव्हा मामींच्या पिशवीतला एक बटाटा त्यांनी आधी पाण्यात सोडून ठेवला. तो शिजत नाही अशी खात्री पटल्यावर पायाचा अंगठा बुडवला, आणि तेवढ्यावरच गुडघ्यांना बरं वाटतं असं जाहीर करून टाकलं.

अशा माणसाला देवाने नोकरी कुठे द्यावी? तर गुरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून मामांनी सगळी नोकरी काढली, डोंगरावरच्या वाड्यावाड्यांतून हिंडून काढली, आणि एवढ्या वर्षांत एकाही जनावराच्या हातभर अंतरात ते स्वतःहून गेले नाहीत. उमरठला एका बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला मलम लावायचं होतं, ते ह्यांनी बांबूच्या टोकाला फडकं गुंडाळून दगडी गडग्याच्या पलीकडून लावलं. लाथाळ गाय असली की तिच्या मालकालाच औषधाची माहिती देऊन परत फिरायचे. मात्र या लांब राहण्यातून त्यांना एक सवय लागली. जनावर चालताना बघायचं, बसताना बघायचं आणि विशेषतः उठताना बघायचं. उठलं की मामांचा जीव भांड्यात पडायचा.

आता अशा बापाच्या पोटी नंदासारखी मुलगी यावी, याला काय म्हणावं मला समजत नाही. नंदा लहानपणापासून झाडावर. मुंबईला जाऊन फिजिओथेरपी शिकली, तिथून अमेरिकेला गेली, आणि आता तिथल्या एका फुटबॉलच्या संघाकडे नोकरीला आहे. हा आपला फुटबॉल नव्हे. या खेळात पायाला चेंडू क्वचितच लागतो, बाकी सगळं एकमेकांना लागतं. डोक्याला लोखंडी जाळीचं शिरस्त्राण, खांद्यांना उशा बांधलेल्या, आणि दारातून आडवे आत येतील असे ते गडी शिट्टी झाली की एकमेकांच्या अंगावर धावून जातात. त्यातला एखादा पडला आणि उठला नाही, तर मैदानाच्या कडेला पिशवी घेऊन उभी असलेली नंदा धावत आत शिरते. हे तिचं काम. मामांना हे पहिल्यांदा समजलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाकीचे गडी तेव्हा थांबतात ना गो?"

मग मला पोलादपूरला बोलावणं आलं, कारण घराण्यात नेट मला समजतं असा एक गैरसमज आहे. मी टीव्हीला काय ते जोडून दिलं. सामना तिकडे रविवारी, आपल्याकडे रात्रीचा. मामा तो चालू असताना मुळीच बघत नाहीत. नंदाचा "घरी पोचले, मजेत" असा निरोप सकाळी आला, की आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, झालेला सामना बघायला बसतात. पोरगी घरी जेवून झोपलेली असते आणि बाप इकडे थरथरत असतो. कुणी पडलं की दोन्ही हातांनी डोळे झाकतात. मामी स्वयंपाकघरातून ओरडतात, "अवो, झाला तो खेळ! उठला तो कवाच!" पण मामांचा त्यावर विश्वास नाही.

खेळाचे नियम मामांना आजही येत नाहीत. खेळाडूंची नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. मधे उभा राहून हातवारे करत सगळ्यांवर ओरडतो, तो मुकादम. अंगाने भरलेले पुढचे पाच जण, त्या सगळ्या म्हशी. पांढरे बूट घालून चेंडू घेऊन पळतो, तो ढवळ्या. आणि हंगाम संपला की मामा अख्ख्या संघाचे नंबर लावतात. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पडवीत आळीतली माणसं जमतात, कांदाभजी होतात, आणि मामा उभे राहून पहिल्यापासून दहाव्यापर्यंत नंबर जाहीर करतात. आमच्याकडे कबड्डीचा गडी कोण सरस यावर माणसं वर्षभर बोलणं टाकतात, त्यामुळे या नंबरांकडेही कुणी गंमत म्हणून बघत नाही.

मामांचा कायदा सरळ होता. पडला की नंबर गेला. गुण किती, चेंडू किती झेलले, कोण विचारतो! पहिल्या वर्षी पहिला नंबर त्यांनी कुणाला दिला असेल? चेंडूला लाथ मारायला एक खास माणूस असतो, त्याला. आयुष्यभर लाथाळ गुरांपासून पळालेला हा माणूस भर पडवीत म्हणाला, "येतो, एक लाथ मारतो, पाणी पितो, घरी जातो. यासारखा गुणी पोरगा नाय." दुसरा नंबर राखीव मुकादमाला, जो संपूर्ण हंगाम बाकावर बसून होता. "कपडेसुद्धा मळले नायत!" शेजारी एक जुने कबड्डीवाले आहेत, कान तुटलेले, मांडी फुटलेली. ते उसळून म्हणाले, "मामा, मग मी कितवा?" मामा म्हणाले, "तुम्ही नंबरात नायच." नंदाने फोनवर हे ऐकलं आणि हसून हसून तिकडच्या गड्यांना सांगितलं. तेव्हापासून ते दांडगे तिला विचारायला लागले म्हणे, की या आठवड्यात पोलादपूरला आमचं कसं काय?

या हंगामात मात्र गोष्ट बिघडली. एका सोमवारी मी काही कामाने गेलो होतो. सामना चालू होता, एक म्हैस पडली, मामांनी डोळे झाकले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते बोटांच्या फटीतून बघताहेत. नंदा घरी येऊन तीन वर्षं झाली होती. फोनवर दिसते, पण फोनवर माणूस खांद्यापर्यंतच दिसतो. संपूर्ण नंदा, चालती, धावती, दिसायची ती फक्त कुणी पडलं तरच. त्या दिवशी ती आत धावली, वाकली, परत गेली. मामांनी हात खाली घेतले. म्हणाले, "जावईबापू, मागं घ्या जरा." मी मागे घेतलं. पुन्हा म्हणाले, "मागं घ्या." तिसऱ्यांदा बघून झाल्यावर हळूच बोलले, "डावा पाय टाकताना खांदा उचलते. लंगडते ती."

मला काही दिसलं नाही. मामींना दिसलं नाही. फोन केला तर नंदा म्हणाली, "मी मजेत आहे बाबा, तुमचं आपलं काहीतरीच." मामांनी फोन खाली ठेवला. भित्र्या माणसाची मोठी पंचाईत अशी, की तो घाबरेल म्हणून त्याला कुणी काही सांगत नाही, आणि कुणी काही सांगत नाही म्हणून त्याला सगळ्यालाच घाबरावं लागतं. मामांची झोप गेली. जेवण तुटलं. मामी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रात्रीचं उठून बसतात हो. तुम्ही या सोमवारी."

त्या सोमवारी मी सकाळीच गेलो. निरोप आलेला होता, "पोचले, मजेत." मामांनी तो वाचून फोन उलटा ठेवला. सामना सुरू झाला, आणि नेमका त्या दिवशी कुणी पडेना. म्हणजे पडत होते, पण लगेच उठत होते. एरवी मामा प्रत्येक उठणाऱ्याला हात जोडायचे. त्या दिवशी त्यांची खुर्चीत चुळबुळ चालली होती. कॅमेरा एकदाही कडेला जाईना. सामना संपत आला तसे ते कपाळाचा घाम पुसायला लागले, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "देवा, पाड रे एखादा. हलकाच पाड."

ढवळ्या पडला. कुणी फारसा अंगावर आलाही नव्हता, पळता पळता वळला आणि जमिनीवर आला. गुडघा धरून पडून राहिला. नंदा धावत आली. मामा म्हणाले तेच खरं होतं, आता मलाही दिसलं. ती डावा पाय ओढत धावत होती. पण मामा तिच्याकडे बघतच नव्हते. ते ढवळ्याकडे बघत होते. "ऊठ रे," म्हणत होते, "ऊठ रे बाबा, ऊठ." ढवळ्या उठला नाही. त्याला गाडीवर घालून नेलं. मामा टीव्हीपुढे उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी पाडला त्याला," म्हणाले. सामना आदल्या रात्रीच होऊन गेलाय हे सांगायची मला हिंमत झाली नाही, आणि सांगून उपयोगही नव्हता.

नंदाला फोन मामांनी स्वतः लावला. पायाचं काही विचारलं नाही. "तो पोरगा कसा हाय गो?" एवढंच. नंदा म्हणाली, गुडघा दुखावलाय, या हंगामात खेळणार नाही, पण बरा होईल. मग मामांनी तिला सगळं सांगितलं. देवाला काय मागितलं ते, आणि का मागितलं ते. मग नंदा म्हणाली, "सरावात एक जण कडेला येऊन माझ्यावर पडला होता, बाबा. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

मी मनात म्हटलं, आता मामा आडवे होणार. मामींनी पाण्याचा तांब्यासुद्धा आणून ठेवला. पण मामा खुर्चीत नीट बसले आणि त्यांनी आयुष्यात कुणाला न विचारलेला प्रश्न विचारला. "तुला भीती वाटते का गो?"

"वाटते," नंदा म्हणाली. झाडावरून खाली न उतरणारी नंदा. "आत धावताना दर वेळी वाटते."

"वाटू दे. त्यात काय लाजायचं? निम्मी माझ्याकडं लावून देत जा. मला सवय हाय."

यंदाचे नंबर पडवीत जाहीर झाले तेव्हा पहिला नंबर ढवळ्याला होता. कबड्डीवाले शेजारी भडकले. अर्धा हंगाम घरी बसलेला माणूस पहिला कसा? आणि पडला की नंबर गेला, हा कायदा कुणाचा? मामांनी भजीची ताटली खाली ठेवली. "माझ्यापायी पडला तो. त्याचा नंबर मी कुठल्या तोंडाने काढून घेऊ?" शेजाऱ्यांनी त्या ताटलीतलं एक भजं उचललं.

आता हंगाम संपलाय. सप्टेंबरपर्यंत तिकडे कुणी कुणाच्या अंगावर जाणार नाही, नंदाचा पायही बरा झालाय, आणि मामांना निर्धास्त वाटायला काही हरकत नाही. परवा सहज गेलो, तर टीव्ही चालू होता. जुने सामने. तेही सबंध नाहीत, नुसते गडी पडतात तेवढेच तुकडे, एकामागून एक. त्यातले सगळे केव्हाच उठलेत, घरी गेलेत, हे मामांनाही ठाऊक आहे. पण कडेवरून ती आत धावत आली, की ते खुर्चीत पुढे सरकतात आणि मामींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणतात, "सांभाळून गो, बाय."