भाऊंची जलपरी

आमच्या टोळीतलं कुणी भेटलं की चहा हमखास गार होतो. एक किस्सा निघाला की त्याच्या मागं दुसरा येतोच. टोळी म्हणजे मी मंगेश, नितीन आणि अंजू. अड्डा रायपूरच्या बूढापाऱ्यात, अंजूच्या घरी. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन काही वर्षं झाली होती, आमचं कॉलेज संपत आलं होतं, आणि आम्ही वाचत काय होतो, तर समुद्री चाच्यांची जपानी चित्रकथा! पकडलेली जलपरी, तिला सोडवायला निघालेले चाचे. इथून समुद्र किती लांब, ते सोडा.

*

पहिलं पुस्तक आम्ही सवयीनं डावीकडून उघडलं. पहिल्याच पानावर ठळक इंग्रजीत लिहिलेलं, 'थांबा, तुम्ही चुकीच्या दिशेनं चालला आहात.'

नितीन म्हणाला, "चाच्यांची धमकी आहे बे. पलटव पान."

पुढं चाच्यांनी सुटलेल्या जलपरीला स्वतः साखळीनं बांधलं, दुष्टाच्या तळघरात नेऊन ठेवलं आणि आरामात निघून गेले.

"हे कसले हिरो बे?" नितीन चिडला.

हे पुस्तक उजवीकडून वाचतात, हे आमच्या लक्षात आलं तिसऱ्या भागात.

*

एकदा पुस्तकांचं पार्सल भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडं अडकलं. आम्ही स्कूटरनं गेलो.

"भैया, इसमें क्या है?"

नितीन ऐटीत म्हणाला, "समुद्री डाकू."

ट्रान्सपोर्टवाल्यानं उचललेलं पार्सल परत खाली ठेवलं. "डाकू का माल है, तो सेठ से पूछना पड़ेगा."

सेठ जेवायला गेला होता. आम्ही संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.

*

बूढा तालाबात पॅडल बोटीवर नितीन कप्तानासारखा उभा राहिला आणि धपकन पाण्यात पडला. त्याची चप्पल तरंगत लांब निघाली. अंजूनं त्याची कॉलर धरली. "हालू नको, मी तुले वाचवून राहिली."

काठावरून बोटवाला ओरडला, "दीदी, पहले चप्पल पकड़ो! भैया तो लाइफ जैकेट में है."

ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

*

अंजूचे वडील म्हणजे भाऊ, रेल्वेतून रिटायर झालेले. आई लवकर गेली, घरात दोघंच. "एवढे घोडे झाले अन् चित्रं पाहून राहिले," असं ते आम्हाला रोज म्हणायचे.

एका दुपारी गेलो, तर भाऊ चष्मा लावून आमचंच पुस्तक वाचत होते. आम्हाला पाहून त्यांनी ते पेपरखाली सरकवलं. थोड्या वेळानं विचारलं, "त्या पोट्टीले घरी पोचवते का नाही तुमचे हिरो? तिचा बाप वाट पाहून राहिला तिकडं."

*

मग अंजूला बंगलोरला नोकरी लागली. भाऊ अडून बसले. "काहून जातं इतक्या दूर? इथं नवं रायपूर बनून राहिलं. तिथं लाग, संध्याकाळी घरी."

आम्ही दोघांनी परोपरीनं समजावलं. भाऊ ऐकेनात. अंजू भांडली नाही, फक्त बोलेनाशी झाली. रुजू व्हायची तारीख जवळ आली.

त्याच आठवड्यात नवा भाग आला. आम्ही तो आधी भाऊंना दिला. ते ओसरीवर वाचत बसले, अंजू आत पोळ्या करत होती.

जलपरी शेवटी घरी पोचली होती. बापानं तिला मिठीत घेतलं होतं, आणि ती त्याच्या खांद्यावरून निघालेल्या जहाजाकडं पाहत होती.

त्या पानावर भाऊ बराच वेळ थांबले. मग चष्मा काढून पुसला.

"मंग्या," ते म्हणाले, "अंजूचं बंगलोरचं तिकीट काढशील, तर लोअर बर्थ पाहजो."