कुंपणापलीकडचा चेंडू
काल कुणीतरी वसईची सुकेळी आणली. पुडी सोडताच वाळलेल्या केळीच्या पानांचा गोडसर वास आला आणि ऐंशी सालच्या सुमाराचा माझा जुना वैताग पुन्हा जागा झाला. तिथल्या होळी नावाच्या भागाजवळ, केळीच्या वाड्यांत चोरीमारीत सापडलेल्या पोरांचं सुधारगृह होतं, तिथं मी व्हॉलीबॉल शिकवायचो. खेळ संपला की पोरांना गोल बसवून मनातलं बोलायला लावायचं, असा वरून हुकूम होता. पण पोरं ढिम्म! त्यात चेंडू रोज कुंपणापलीकडे, शेजारच्या म्हातारीनं सुकेळी वाळत घातलेल्या मांडवावर पडायचा आणि शिव्या मी खायचो. एकदा वैतागून पोरांनाच पिटाळलं, "जा, तुम्हीच आणा आणि तुम्हीच ऐकून घ्या!" बराच वेळ एकही परतेना. पळाली, आता माझी नोकरी गेली, म्हणत धावलो, तर सगळी म्हातारीभोवती गोल बसून सुकेळी पानांत बांधत होती, आणि माझ्यापुढे कधी तोंड न उघडलेला पोरगा तिला आपल्या आईबद्दल सांगत होता. "मास्तर, चेंडू तो पडलाय, न्या," म्हातारी म्हणाली, "पोरं राहू द्या." दुसऱ्या दिवसापासून पहिलीच सर्व्हिस कुंपणापलीकडे जायला लागली. आजही सांगतो, त्या कार्ट्यांनी मला पुन्हा एक सेट धड पुरा करू दिला नाही.