कटारीखालची लेक

कन्नडच्या अलीकडं, घाट लागण्याआधी, एक उघडं गायरान आहे. त्याच्या कडेला भामाबाईचं घर. दार गायरानातल्या टेकडीकडं. दिवाळी सरून गवत पिवळं पडलं, की तिथं उटकटारी फुलते. अंगभर काटे, आणि त्यावर निळसर पांढरे गोल गेंद. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. उन्हाळ्यात वरून वाळून काडी झाली, तरी खाली मुळी जिती असते. पाणी पडलं की पुन्हा फुटते.

भामाबाईच्या नवऱ्यानं, कचरूनं, ती निवडली याच गुणापायी. भामाबाईची पहिली लेक जन्मली, पण रडलीच नाही. भामाबाईला उठायचं बळ नव्हतं. कचरू एकटाच तिला फडक्यात गुंडाळून टेकडीवर घेऊन गेला. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून मातीवर उटकटारी लावून आला.

"कटारीखाली हाय," एवढंच तो बोलला.

तिनं पुढं विचारलं नाही. विचारलं तर हा माणूस मोडून पडेल, असं तिला वाटायचं. त्यालाही तिच्याबद्दल तसंच वाटत असावं. पुढं राजेंद्र झाला, मोठा झाला, वाळूजला कंपनीत लागला. मागल्या साली कचरू गेला, आणि ती जागा ठाऊक असलेलं माणूसच उरलं नाही. भामाबाई दारात बसून टेकडीकडं बघायची. टेकडी निळसर दिसली, की तिला तेवढं पुरायचं.

यंदा गायरानात सोलरच्या प्लेटा बसवायचं ठरलं. जमीन सपाट करायला जेसीबी आला, तसा राजेंद्रचा फोन आला.

"आये, मला सुट्टी नाय भेटत. तू जाऊन ताईची जागा दाखीव. मशीनवर गोकुळ हाय, माझ्या वर्गातला. त्याला सांगितलंय, तेवढी जागा सोड म्हणून."

भामाबाई पहिल्यांदाच ती टेकडी चढली. आपल्याला ओळखू येईल, याची तिला खात्री होती. वर जाऊन बघते तर जिकडंतिकडं कटारीच. इतक्या वर्षांत बी वाऱ्यावर उडालं होतं, रुजलं होतं, उतारभर पसरलं होतं. ती एकेका झुडपापाशी वाकली. कुठं दगड दिसतो का, कुठं माती खचलीय का. सगळीकडं सारखीच माती.

"मावशी, काट्यात काय शोधतीस? पायात चप्पल तरी धड घालायची!" गोकुळ मशीनवरून ओरडला.

"माझ्या पायाचं सोड. आधी तुझं ते धूड बंद कर. कान किटले."

त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला. बराच वेळ तिच्या मागं मागं फिरला. मुकादम लांबून हाका मारायला लागला, तेव्हा हळूच म्हणाला, "नाय सापडत तर कोणतीबी एक दाखीव, मावशी. मी वळसा घालतो. राजूला सांगू, हीच व्हती म्हणून."

"अन् पोरीला काय सांगू?"

मुकादमानं पुन्हा हाक मारली.

भामाबाई जिथं होती तिथंच खाली बसली. समोर एक ठेंगणी कटारी होती. तिच्यावर एकच गेंद.

"ही," ती म्हणाली.

"हीच ना?"

"व्हय."

त्यानं चुन्याची फक्की आणून त्या झुडपाभोवती गोल आखला. "बाहेर नको येऊस आता," म्हणाला, आणि मशीनवर चढला.

भामाबाई त्या गोलात झुडूप धरून बसून राहिली. काटे तळहातात रुतत होते. पलीकडं एक कटारी मुळासकट उलथली, तशी ती दचकून तिकडं वळली. तिथं तर नव्हती पोर? मग उताराखालची उलथली. मग बांधाजवळची. दर वेळी ती वळत होती, उकरलेली माती दिसतेय तेवढी बघत होती. हातातली कटारी मात्र तिनं सोडली नाही.