साडूंचा अंधार

बुऱ्हाणपुरात उन्हाशी ज्याचं खाजगी भांडण आहे असा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सगळे त्यांना सर म्हणतात; ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, आणि शिकवून उरलेला जन्म त्यांनी एका केशरी द्रावणापायी घालवला. त्यात कुठल्याशा धातूचं संयुग असतं. उजेड लागला की ते निळं होतं, अंधारात ठेवलं की पुन्हा केशरी. ते का बदलतं आणि परत येताना काय करतं, एवढंच त्यांचं संशोधन. त्यासाठी घराच्या खिडक्या भर दुपारी बंद, पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद कुप्यांना, आणि पोळ्या बिचाऱ्या उघड्या. माझ्या भावाच्या लग्नात फोटोग्राफरने फ्लॅश उडवताच सर खिशातली कुपी हाताने झाकत मांडवाबाहेर पळाले. फोटोत त्यांची नुसती पाठ आली आहे. तरी सासरे तोच फोटो पाहुण्यांना दाखवून सांगतात, "हे आमचे मोठे जवाई." मी त्याच फोटोत मधोमध उभा आहे.

माझ्या पोटात दुखतं, हे मी लपवत नाही. माझं साड्यांचं दुकान. रंग जाणार नाही, या एका वचनावर माझं घर चालतं. यांचा रंग घडोघडी जातो, आणि मान यांना. सासऱ्यांनी त्यांच्या गावी, तुकईथडला, सांगून ठेवलं की मोठे जवाई उजेडाचं काम करतात, तर गावकरी यांच्याकडे लाईट जाते म्हणून तक्रार घेऊन आले. सरांनी तासभर सगळ्यांचं ऐकलं, आणि लाईट न येताच माणसं खूश होऊन घरी गेली. एकदा एक बाई फिकी पडलेली साडी घेऊन माझ्याशी भांडायला आली. सर दुकानातच बसले होते. साडी दाराशी नेऊन ते मन लावून पाहू लागले. "ताई, कोणत्या बाजूच्या खिडकीत टांगत होत्या? वा, काय सुंदर रंग उडाला आहे." बाई भांडण विसरली, चहा पिऊन गेली, आणि आता येते तेव्हा आधी विचारते, "ते सर नाही आले का?" माझी मुलगीसुद्धा गल्ल्यावर बसायची सोडून यांच्या प्रयोगशाळेत टॉर्च धरायला जाऊ लागली. मी रागावलो तर म्हणाली, "पप्पा, तुमच्या दुकानात रंग बस पडून राहतो. मावसाजींकडे तो काही करतो तरी." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग सर रिटायर झाले. कॉलेजने त्यांची काळोखी खोली परत घेतली, तिला खिडक्या पाडल्या आणि कॉम्प्युटर मांडले. सर कुप्यांची पेटी मांडीवर घेऊन दुकानात येऊन बसले. चहा आला तो तसाच निवला. "शेठ, घरी आता नातवंडं येतात, दारं उघडी लागतात. बंद करा कसं म्हणू?" मागितलं काहीच नाही. यांना एकदा तरी उतरलेल्या तोंडाने बसलेलं पाहावं, ही माझी जुनी इच्छा होती. ती पुरी झाली तर मलाच बसवेना. दुकानामागे माझं बिनखिडकीचं गोदाम आहे, भारी साड्यांचे रंग उजेडाने उडू नयेत म्हणून बांधलेलं. मी म्हणालो, "सर, माझ्याकडे अंधार पडून आहे."

आता येणारा जाणारा मला ओलांडून थेट गोदामात जातो, आणि जळफळाट घरबसल्या होतो. परवा त्यांनी मलाही आत बोलावलं. "दोन मिनिट रुका, शेठ." टॉर्च लागली. केशरी द्रावण माझ्या डोळ्यांदेखत निळं झालं. टॉर्च विझली. आता काही समजावतील म्हणून मी थांबलो. काळोखात त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. सगळं आयुष्य हेच करूनही ते वाट पाहत होते. मग त्यांनी दार बोटभर उघडलं. कुपीत केशरी.

"आलं पाहा परत," ते हळूच म्हणाले.

मी गल्ल्यावर येऊन बसलो. समोर गिऱ्हाईक होतं. नेहमीचंच विचारत होतं, "रंग पक्का आहे ना?"

"पक्का आहे," मी म्हणालो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते सांगताना वाईट वाटलं.