वसुधाचे स्फटिक
पाकाच्या पातेल्याच्या काठावर आज साखरेचे बारीक स्फटिक जमलेले दिसले आणि प्रयोगशाळेतली माझी सोबतीण वसुधा आठवली. एका विषाणूचं प्रथिन माणसाच्या पेशीवरच्या साखरेच्या रेणूला नेमकं कुठे धरतं, हे आम्हाला शोधायचं होतं. एवढ्याशा पकडीतून सगळं आजारपण सुरू होतं, याचं तेव्हा फार नवल वाटायचं. पण त्यासाठी लागणारे प्रथिनाचे स्फटिक दोन वर्षं जमेचनात. शेवटी वसुधाच्या हातून जमले, आणि त्याच आठवड्यात वडिलांच्या आजारपणासाठी ती नोकरी सोडून गावी गेली. पुढे त्या स्फटिकांवरून क्ष-किरणांनी रचना उलगडली, तेव्हा मी तिला फोन केला.

"साखर दिसली?" तिने विचारलं.

"दिसली गं. खोबणीत अगदी घट्ट बसलीये."

ती म्हणाली, "कशी दिसते ते सावकाश सांग. मी डोळे मिटलेत."