ग्लासगोहून आणलेला कचरा

स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावात, चढावरच्या त्या जुन्या दगडी इमारतीत आठ बिऱ्हाडं होती आणि जिना एकच. दर शुक्रवारी तो कुणीतरी धुवायचा. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली असायची. धुऊन झालं की पाटी पुढच्या दाराला. यावर देखरेख कुणाची नव्हती, पण एखादीने पाळी चुकवली तर खाटकाच्या दुकानातल्या रांगेत महिनाभर तिचं नाव निघे.

नेटा रँकिनने पाळी कधी चुकवली नव्हती. तिचा नवरा ह्यूई गेला त्या आठवड्यातही नाही. शेजारची जेसी डेव्हलिन तेव्हा म्हणाली होती, "अगं, आज राहू दे, मी करते." नेटा म्हणाली, "तुझी पाळी तुझी, माझी माझी." आणि खाली बसून तिने पायरी न् पायरी घासली होती.

तरुणपणी ती लोकरीच्या सुताच्या गिरणीत होती. गिरणी बंद झाल्यावर कॉम्प्युटर जोडायच्या कारखान्यात लागली, तर तो कारखानाही देश सोडून गेला. ह्यूई जहाजांच्या गोदीत होता. गोदीला कुलूप लागलं आणि तो पिऊ लागला. त्याबद्दल नेटा कधी बोलली नाही. तिची मुलगी लोर्ना फेरीबोटीच्या स्वयंपाकघरात काम करायची, दोन आठवडे समुद्रावर आणि दोन घरी. त्यामुळे लोर्नाची पंधरा वर्षांची पोर, आयल्सा, आजीच्याच हाताखाली वाढली होती.

त्या वर्षी लंडनहून सिनेमावाले आले. मोठ्या कंपनीचे नव्हते, स्वतंत्र म्हणवणारे होते. लोकरीची टोपी घालणारा, हळू आवाजात बोलणारा टोबायस फेनर त्यांचा दिग्दर्शक. त्याला खरी माणसं हवी होती, नट नको होते. शाळेतल्या दोनशे मुलांतून त्याने आयल्साला निवडलं. पोरीचे पाय जमिनीला लागेनात. नेटाही खूश झाली. आपल्याच इमारतीत चित्रण होणार म्हणताच तिने परवानगी दिली आणि आधीच्या शुक्रवारी जेसीकडून जिना दोनदा धुऊन घेतला. सगळ्या ब्रिटनला आपल्या भिंतींवरच्या हिरव्या टाइल्स दिसणार होत्या.

आयल्साचं काम होतं नशेच्या गोळ्या विकणाऱ्या एका मुलीचं. तिची आजी दारुडी. संवाद लिहिलेले नव्हतेच. टोबायस म्हणायचा, तू जशी आहेस तशीच राहा, तुझ्या शब्दांत बोल. ती बोलली की तो मान तिरकी करून म्हणायचा, छान, पण जरा आणखी तुमच्याकडचं येऊ दे. तुमच्याकडचं म्हणजे शिव्या, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं. एकदा तिने मनाने घातलं की ही मुलगी पोहून घरी येते, केस ओले आहेत. आयल्सा स्वतः शाळेच्या पोहण्याच्या संघात होती. टोबायसने ते काढून टाकलं. या मुलांकडे असं काही नसतं, असं त्याचं म्हणणं. ती हे सगळं आजीला हसत हसत सांगायची. नेटा हसत नसे.

"या मुलांकडे म्हणजे कोणत्या गं?"

"आजी, सिनेमा आहे तो."

"मग खरी माणसं हवीत म्हणून कशाला बोंबलतो?"

गुरुवारी जिन्यातल्या प्रसंगासाठी व्हॅन आली आणि त्यातून कचरा उतरला. नेटाचा विश्वास बसेना. बिअरचे चेपलेले डबे, फाटकी गादी, चिप्सचे तेलकट कागद, सगळं पिशव्यांत नीट भरून ग्लासगोहून आणलेलं. एका मुलीने तो जिन्यावर मांडला, मागे सरून पाहिला, एक डबा दोन बोटं डावीकडे सरकवला आणि फोटो काढला. वरच्या वळणावरची जेसीची फुलांची कुंडी आत नेऊन ठेवायला सांगितली. कोपऱ्यात कढत काळा चहा ओतून लघवीचे डाग केले. टाइल्सवर रंगाने घाण शब्द लिहिले. पायरीवर ओटची लापशी सांडली, ती म्हणे ओकारी.

जेसी पुटपुटली, "बाई गं, माणसं घाण साफ करायला पैसे देतात. हे उलटंच."

नेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आयल्सासाठी ती गप्प बसली. पोरगी त्या गादीवर बसून दिवसभर शिव्या देत होती.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी दिवे उतरवले, तारा गुंडाळल्या आणि गेले. नेटाला वाटलं, जिन्यातलं संपलं. पाटी तिच्याच दाराला होती. तिने बादली भरली. नुसत्या सवयीने भरली असं म्हणता येणार नाही, कारण कुणाला विचारावं असं तिच्या मनात आलं होतं आणि तिने विचारलं नाही. कचरा पोत्यात गेला, रंग पहिल्याच हातात सुटला. हात दुखेपर्यंत तिने घासलं, आणि कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

सकाळी ती फोटोवाली मुलगी दारातच थबकली. अर्धा प्रसंग घाणीत घेतलेला, उरलेला अर्धा आज घ्यायचा होता, आणि जिना आरशासारखा. मागून टोबायस आला, टोपी काढली, पुन्हा घातली. आवाज न चढवता म्हणाला की दोन दिवसांचं काम पाण्यात गेलं.

आयल्सा वरून धावत आली.

"तू केलंस ना हे? मला विचारायचं तरी. हे माझं होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं होतं."

"माझी पाळी होती," नेटा म्हणाली.

"पाळी, पाळी. तुला लाज वाटत होती माझी. सरळ सांग ना."

मग मात्र नेटाचा बांध फुटला. तुझी नाही, म्हणाली, यांची लाज वाटते. तुझा आजोबा खरंच या जिन्यात पडलेला असायचा. खरंच ओकायचा. मी कुणी उठायच्या आत पुसायची, पोरी, तुझ्या आईला शाळेत जाताना दिसू नये म्हणून. वर्षानुवर्षं पुसलं. या इमारतीतल्या प्रत्येक बाईने कधी ना कधी काहीतरी पुसलंय. आणि हा येतो, पुसणारीला घालवून देतो आणि नुसती घाण मांडून ठेवतो. वर म्हणतो, हे तुम्ही. आयल्साही ओरडत होती, रडत होती. दोघींचे आवाज जिन्यात घुमत होते.

थांबल्या तेव्हा त्यांना दिसलं की कॅमेरा चालू आहे.

टोबायसचे डोळे भरले होते. "अप्रतिम," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा तुम्ही दोघी खरोखर तुम्ही होतात."

हा तुकडा मिळाला तर सिनेमा वाचेल, त्याने समजावलं. दारुड्या आजीचं काम मिसेस रँकिन यांनीच करावं, आयल्साचं काम उलट वाढेल. नाही तर दुसरं गाव, दुसरा जिना आणि अर्थात दुसरी मुलगी. फक्त त्यांनी हो म्हणायचं.

नेटा कठड्याला धरून उभी राहिली. आपल्याच हाताने आपण पोरीचा घास काढून घेतला, हे तिला आता कळत होतं. ह्यूईची अब्रू की पोरीची संधी. ह्यूई तर केव्हाच गेला होता. तिने हो म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आयल्साने ते चित्रण पाहायला मागितलं. छोट्या पडद्यावर तिने पाहिलं. आजीचं वाकडं झालेलं तोंड, लाल डोळे, हवेत फिरणारा हात. बादली कुठे दिसत नव्हती.

"आजी काय म्हणाली ते कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

टोबायस हसला. प्रत्येक शब्द नाही, म्हणाला, इतक्या वेगात तुमची स्कॉटिश बोली आम्हाला कठीण जाते. पण शब्दांना महत्त्व नाही, तो आवेश महत्त्वाचा. लंडनमध्ये पडद्यावर खाली संवादांची अक्षरं द्यावीच लागतील.

"काय लिहाल त्या अक्षरांत?"

"दारूसाठी पैसे मागतेय, असं काहीतरी. गोष्टीत बसेल ते लिहू."

आयल्सा टोबायसकडे वळली. मग शाळेत वक्तृत्वाला बोलते तसं, एकेक शब्द सुटा करून तिने त्याला सांगितलं, म्हणजे त्याला खालच्या अक्षरांची गरज पडू नये. "ते पुसून टाका. माझ्यासमोर. मी तुमच्या सिनेमात नाही."

त्याने समजूत घालून पाहिली. ती कॅमेऱ्यापुढून हलली नाही. आता नेटानेही मान हलवली आणि ठामपणे नाही म्हटलं. शेवटी त्याने पुसलं. अंगावरचं सिनेमावाल्यांचं फाटकं जाकीट आयल्साने काढून त्या फोटोवाल्या मुलीच्या हातात दिलं आणि ती वर निघाली. नेटा तिच्या मागे दोन पायऱ्या चढली.

"माझ्या मागे येऊ नकोस," आयल्सा मागे न बघता म्हणाली. "तो मूर्ख आहे म्हणून तू बरोबर ठरत नाहीस."

लोर्ना बोटीवरून घरी आली तेव्हाही दोघींचं बोलणं चहा-मिठापुरतंच होतं.

सिनेमा दुसऱ्या एका गावात झाला. पुढच्या हिवाळ्यात तो ग्रीनॉकला लागला. लंडनच्या वर्तमानपत्रांनी तो अगदी खरा असल्याचं लिहिलं होतं. आयल्सा एकटीच जाऊन पाहून आली. नेटा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिने विचारलं नाही. आयल्सा कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"खाली अक्षरं होती," ती म्हणाली. "इथेसुद्धा. आपल्याच गावात, आपल्यालाच."

नेटाच्या हातातली सुरी थांबली. "आणि ती मुलगी?"

"चांगली होती."

"हं."

"मी जास्त चांगलं केलं असतं, आजी."

"केलं असतंस," नेटा म्हणाली. "मी विचारायला हवं होतं तुला."

 आयल्साने कोट काढला, दुसरी सुरी घेतली आणि एक बटाटा इतक्या रागाने सोलायला घेतला की सालीबरोबर अर्धा बटाटा गेला.  नेटाच्या हातातल्या बटाट्याचीही तीच गत होती.